सातबारा बँकेत नेण्याआधी स्वतःचं टेंडर उघड

पत्र थोडक्यात असं: चोपडा तालुक्यातला एक वाचक, वय २८, आधी सिव्हिल डिप्लोमा मग डिग्री, घरी वडिलांची थोडी केळी थोडा कापूस. सहा वर्षं साईट इंजिनियर. सध्या धुळे जिल्ह्यात एका कंत्राटदाराकडे सरकारी रस्त्याच्या कामावर आहे, ९ किलोमीटर, १८ कोटींचं टेंडर, बी-१ फॉर्मवरचं (राज्याच्या बांधकाम खात्याचा छापील टेंडर-करार). ऑफिसात बिलिंग आणि कॉन्ट्रॅक्ट बघणारे काका काम सोडून गेले, शेठ म्हणतात तू बस त्यांच्या जागी, पगार तोच. मित्र म्हणतात साईट सोडली की कारकून झालास समज. याला वाटतं हे काम वकिलीचं, आपल्याला त्यातलं काही येत नाही, शिक्षण मराठी माध्यमात झालंय, इंग्रजी कच्चं. पुण्यातल्या कॉन्ट्रॅक्टच्या एका कोर्सची फी ३ लाख, वडील म्हणतात सातबारा बँकेत ठेवू पण तू शिक. आणि शेठ एकीकडे कॉन्ट्रॅक्ट बघ म्हणतात, दुसरीकडे म्हणतात, "अरे भो, कागद लिखीसन पैसा भेटतंस का? साहेबांशी संबंध सांभाळ." मधेच एक ओळ आहे, १.२ किलोमीटरमधे सात महिने झाले जागा मिळालेली नाही, लाईटचे पोल हलवलेले नाहीत, आणि मुदत मार्चअखेर संपतेय. प्रश्न असा, की कोर्स करू, वकिलीला अ‍ॅडमिशन घेऊ, की साईटवरच राहू?

भाऊ, तुला अरे-तुरेच करते, माझा सगळ्यात धाकटा चुलतभाऊ तुझ्याच वयाचा आहे. तुझं पत्र दोनदा वाचलं. तू कोर्सचं विचारलंस, वकिलीचं विचारलंस, इंग्रजीचं विचारलंस, पण खरा प्रश्न तू विचारलाच नाहीस, तो पत्राच्या मधे एका ओळीत येऊन गेला. १.२ किलोमीटर, सात महिने, मुदत मार्चअखेर. याबद्दल तुमच्या कंपनीने आजपर्यंत एक तरी पत्र दिलंय का? तू लिहिलेलं नाहीस म्हणजे दिलेलं नसणार, दिलं असतं तर तू पहिलं तेच सांगितलं असतंस. तर आधी ते बघू, कोर्स कुठे पळून जात नाही.

आज ऑफिसला गेलास की कपाटातून टेंडरची मूळ कॉपी काढ, जिच्यावर शेठची आणि कार्यकारी अभियंत्याची सही आहे ती. झेरॉक्स असेल तर सगळी पानं आहेत का बघ. त्यातलं कलम ६ वाच. बी-१ च्या छापील अटींमधे मुदतवाढीचं कलम ते आहे आणि त्यात असं आहे की अडथळा आल्यापासून ३० दिवसांच्या आत किंवा कामाची मुदत संपायच्या आत, यातलं जे आधी येईल तेव्हा कंत्राटदाराने लेखी अर्ज करायचा. तुमचे पहिले ३० दिवस पावसाळ्यातच निघून गेलेत, हे खरंय, पण म्हणून आता गप्प बसायचं असं नाही, कारण तुमचा अडथळा संपलेला नाही, तो आजही चालू आहे. जागा आजही नाही, पोल आजही उभे आहेत. आज पत्र दिलं तर उशिरा दिलेलं पत्र म्हणून का होईना ते फाईलला लागतं, आणि मुदत संपल्यावर दिलं तर त्याची किंमत फार खाली येते. काही टेंडरमधे छापील अटींच्या पुढे जादा अटी जोडलेल्या असतात आणि त्यात दिवस बदललेले असू शकतात, म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नको, तुझ्या कॉपीतलं वाच.

पत्र कसं लिहायचं याची तुला भीती वाटते ते कळलं. हे बघ, मराठीत लिही. राज्य सरकारच्या कामकाजाची भाषा मराठी आहे, १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे त्यासाठी, कार्यकारी अभियंत्याच्या ऑफिसातली अर्धी टिपणी मराठीतच चालते. विषयात लिही, किमी ४/२०० ते ५/४०० मधील अडथळ्याबाबत (तुझं जे चेनेज, म्हणजे रस्त्यावरचं किलोमीटर-मीटरमधलं ठिकाण, असेल ते). खाली लिही, की या लांबीत अमुक तारखेपासून जागा ताब्यात मिळालेली नाही व विद्युत खांब हलवलेले नाहीत, त्यामुळे तिथलं मातीकाम व खडीकरण सुरू करता आलेलं नाही, अडथळा आजही कायम आहे, संयुक्त पाहणी करून नोंद घ्यावी आणि कलम ६ प्रमाणे मुदतवाढ मिळावी, या काळात आमच्यावर पडणाऱ्या खर्चाचा हक्क आम्ही राखून ठेवतो. बस. पाच-सहा ओळी. 'आपल्या हलगर्जीपणामुळे' वगैरे एक शब्द नको, कुणाचं नाव नको, फक्त काय झालं, कुठे, कधीपासून. पत्र आवक विभागात दे आणि आपल्या ऑफिस कॉपीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नको. शिक्का नसलेली कॉपी म्हणजे तू स्वतःला लिहिलेलं पत्र.

आणि एक गोष्ट अगदी कडक सांगते. कुणीतरी तुला सुचवेल की जूनची तारीख टाकून पत्र बनवू, ओळखीने आवकला नोंद करून घेऊ. नाही करायचं. एक खोटी तारीख सापडली की तुमची बाकीची पन्नास खरी कागदंही संशयात जातात, आणि सही तुझी असेल, शेठची नाही. त्यापेक्षा जे खरं पुरावे आहेत ते गोळा कर, साईटची डायरी, रोजचा रिपोर्ट, उपअभियंत्यांना तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो, पोलांबद्दल महावितरणशी झालेला पत्रव्यवहार, जागामालक शेतकऱ्यांनी काम थांबवलं त्या दिवसाचे मेसेज. सहा वर्षं साईटवर काढलेल्या माणसाच्या फोनमधे हे सगळं असतं, फक्त ते कधी तारीखवार लावलेलं नसतं. ते लाव.

आता यातला अवघड भाग. उरलेल्या ७.८ किलोमीटरचं काय झालं? तिथे जागा होती, पोल नव्हते, मग ते काम वेळेत आहे का? कारण समोरचा इंजिनियर पहिला हाच प्रश्न विचारेल आणि त्याचं बरोबर आहे. तुमचं डांबरीकरण तुमच्याच खडी प्लांटमुळे मागे पडलं असेल आणि सगळा उशीर तू त्या १.२ किलोमीटरवर ढकलायला निघालास तर मुदतवाढीचा अर्ज कमकुवत होतो. जेवढा उशीर त्यांच्यामुळे तेवढाच माग. कामाचा मूळ बार चार्ट (कुठलं काम कधी ते दाखवणारा तक्ता) काढ, प्रत्यक्ष काय झालं ते त्याच्याखाली दुसऱ्या रंगाने ओढ, आणि बघ की तो १.२ चा तुकडा मिळाला असता तर काम कधी संपलं असतं. हे काम कारकून करू शकतो का सांग मला? साईट न बघितलेला वकीलही करू शकत नाही. रोलर किती पासेस मारतो, एका दिवसात किती जीएसबी (रस्त्याचा खडी-मुरमाचा खालचा थर) पसरते, पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीत किती दिवस टिप्पर घालता येत नाही, हे ज्याला माहीत आहे त्यालाच हा हिशोब मांडता येतो. तापीकाठची काळी माती तू पायाने तुडवलीयेस.

म्हणून मित्र म्हणतात ते 'कारकून' मला पटत नाही, पण ते असं का म्हणतात तेही कळतं. आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांमधे कॉन्ट्रॅक्ट बघणारा माणूस म्हणजे आरए (म्हणजे चालू कामाच्या) बिलाच्या झेरॉक्स मारणारा आणि सही आणायला सर्कल ऑफिसला चकरा मारणारा, एवढंच ठेवलेलं असतं. त्या काकांना बहुतेक तेवढंच दिलं असेल. मी स्वतः सात वर्षं साईटवर होते आणि मला हे काम किती मोठं आहे ते नुकसान झाल्यावर समजलं. सातपुड्याच्या पायथ्याला एका नाल्यावरच्या पुलाचं काम होतं, टेंडरमधे पायासाठी मुरूम आणि मऊ खडक धरलेला, खणायला लागलो तर काळा पाषाण. ब्रेकर लावून नऊ दिवस फोडला. वर दिवाळी तोंडावर आलेली, मजूर गावी जायच्या घाईत, मी म्हटलं पटकन पीसीसी (पायातलं साधं काँक्रीट) टाकून घेऊ, लेव्हल नंतर बघू. नंतर काय बघणार, खडक काँक्रीटखाली गेला. विभागाचे इंजिनियर सरळ माणूस होते, त्यांनी मला समोर बसवून विचारलं, मॅडम मी मेजरमेंट बुकात कठीण खडक कशाच्या आधारावर लिहू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. बिल मऊ खडकाच्या दराने निघालं. त्यांनी काही चुकीचं केलं नाही, एमबी, म्हणजे ते मेजरमेंट बुक, त्यांच्या सहीची, उद्या ऑडिटला उत्तर त्यांनी द्यायचं. झाकलं जाणारं काम झाकायच्या आधी लेखी कळवून मोजमाप करून घ्यायचं, हे आमच्या टेंडरमधे छापलेलंच होतं आणि मी ते पान कधी उघडलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी टेंडर वाचायला लागले. कोर्स नंतर केला, बऱ्याच वर्षांनी.

आता शेठच्या म्हणण्याकडे येते, कारण तुझी खरी अडचण तिथे आहे. पत्र दिलं की संबंध बिघडतात असं त्यांना वाटतं. माझे वडील भुसावळला रेल्वेत गार्ड होते. गाडी पाचोऱ्याच्या बाहेर सिग्नलला ११ मिनिटं उभी राहिली तर ते तिथल्या तिथे लिहायचे, किती वाजता थांबली, किती वाजता निघाली, कशामुळे थांबली. स्टेशनमास्तर ओळखीचे असायचे, कितीदा घरी वरण-बट्टी खायला आलेले असायचे, तरी ११ मिनिटांची ११ मिनिटंच लिहिली जायची आणि कुणाला कधी वाटलं नाही की गार्डसाहेब भांडतायत. गाडी उशिरा का आली हे पुढे कुणी विचारलं तर सगळ्यांनाच ती नोंद कामाला यायची, ड्रायव्हरला, मास्तरला, वडिलांना. अडथळ्याचं पत्र म्हणजे एवढंच आहे. ते वेळेवर दिलं तर साधी नोंद असते, सात महिन्यांनी, बिल अडकल्यावर, रागारागात दिलं तर मात्र भांडण होतं. म्हणजे शेठना ज्याची भीती वाटते ते उशिरामुळे होतं, पत्रामुळे नाही.

शिवाय तुमच्यावर मेहेरबान असलेल्या साहेबालाही मुदतवाढ द्यायला फाईलमधे काहीतरी आधार लागतो. ते साहेब मार्चच्या आधी बदलून गेले तर? नवीन आलेल्याला तुमचा चहा माहीत नाही, तुमची फाईल माहीत आहे. आणि फाईल कोरी असेल तर बी-१ च्या कलम २ मधे उशिराची भरपाई आहे, ती अंदाजित रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. तुमच्या १८ कोटींच्या कामात (अंदाजित रक्कम साधारण तेवढीच धरली तर) म्हणजे १ कोटी ८० लाख. शेठसमोर हा आकडा ठेव. त्याच्याखाली या सात महिन्यांत पेव्हर (डांबर पसरवायचं मशीन) आणि रोलर उभे राहिले त्याचं भाडं, साईटवरच्या माणसांचे पगार, बँक गॅरंटी वाढवायचं कमिशन, डिझेल, सगळं एका पानावर लिही. भाषण देऊ नको, फक्त ते पान दे. तुझ्या शेठला आकडे कळतात, पत्राचं महत्त्व त्यांना आकड्यातून कळेल.

आणि तुझ्या घरातलंच बघ ना. केळीचा व्यापारी शेतात उभा राहून एक भाव बोलतो आणि गाडी भरल्यावर म्हणतो की आज भाव पडला, तेव्हा बाबांच्या हातात काय असतं? चोपडा, यावल, रावेरमधे हे कुणाला नवीन नाही. तोंडी शब्दावर माल तोडला की ज्याचा माल त्याची बाजू उघडी पडते आणि घड परत झाडाला लागत नाही. 'साहेबांनी तोंडी सांगितलंय, एक जादा मोरी टाकून द्या, बघून घेऊ' याचं तेच होतं. मोरी टाक, जरूर टाक, रस्त्याला गरज आहे, पण आधी त्यांना एक ओळीचं पत्र दे की आपल्या अमुक तारखेच्या तोंडी सूचनेप्रमाणे ही मोरी जादा बाब म्हणून करत आहोत, लेखी आदेश व दरमंजुरी मिळावी.

वकिलीचं. तुला एलएलबीची गरज नाही, निदान आत्ता नाही. बांधकामाच्या कॉन्ट्रॅक्टमधे रोज लागणारा कायदा मूठभर आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा, त्यातली कलम ५५, ७०, ७३ आणि ७४ एवढी आधी नीट वाच. ५५ मधे वेळेत काम न होण्याचं आहे, ज्याच्यासाठी काम करायचं त्याने उशिराचं काम स्वीकारलं पण स्वीकारताना भरपाई मागणार म्हणून कळवलं नाही तर नंतर त्याला ती मागता येत नाही, वगैरे. म्हणजे 'वेळेवर कळवा' ही अट कायदा सरकारी बाजूलाही घालतो, फक्त आपल्याला घालत नाही. ७० मधे असं की फुकट करायच्या उद्देशाने नव्हे असं काम तू केलंस आणि समोरच्याने त्याचा फायदा घेतला तर त्याने मोबदला द्यायचा, तोंडी मोरीवाल्यांचा शेवटचा आधार हाच असतो, पण तो कोर्टातला लांबचा रस्ता आहे, त्याच्या भरवशावर मोऱ्या टाकू नको. ७३ नुकसानभरपाईचं, त्यात हेही बघितलं जातं की नुकसान कमी व्हावं म्हणून तू स्वतः काय केलंस, पेव्हर सात महिने तसाच उभा ठेवला की दुसऱ्या साईटला हलवला. ७४ मधे करारात दंडाचा आकडा आधीच लिहिलेला असेल तर तो वरची मर्यादा, त्याच्या आत जेवढं वाजवी तेवढं, आपोआप पूर्ण आकडा नाही, २०१५ मधे सुप्रीम कोर्टाने कैलाशनाथ विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात हे बरंच स्पष्ट केलंय. मग १९९६ चा लवाद कायदा, पण सगळ्या टेंडरमधे लवादाचं कलम असतं असं समजू नको, तुमच्या बी-१ मधे वाद कुणाकडे न्यायचा ते शोधून वाच. आणि १९६३ चा मुदतीचा कायदा, पैशाच्या मागणीला साधारण ३ वर्षं. कितीतरी छोटे कंत्राटदार 'साहेब देतो म्हणालेत' यावर चार वर्षं थांबतात आणि मग वकिलाकडे जातात.

वाद खरंच कोर्टात गेला तर वकील लागेलच, पण वकिलाला देण्यासाठी तारखेसकट कागदं तुझ्याकडेच असणार आहेत.

इंग्रजीबद्दल तुला उगाच न्यूनगंड आहे असं मला वाटतं. टेंडरचं इंग्रजी म्हणजे इंटरव्ह्यूचं फाडफाड बोलणं नाही. तीच तीच दोनशे-अडीचशे वाक्यं फिरून येतात. 'शाल' म्हणजे करावंच लागेल, 'मे' म्हणजे वाटलं तर, या एका फरकावर लाखोंचे वाद झालेत. 'सब्जेक्ट टू' आलं की थांबायचं, म्हणजे हे वाक्य दुसऱ्या कुठल्या तरी अटीच्या खाली आहे, ती अट शोधायची. 'नॉटविथस्टँडिंग' म्हणजे बाकी कुठे काही लिहिलं असलं तरी हेच खरं. 'डीम्ड' म्हणजे प्रत्यक्षात झालं नसलं तरी झालं असं धरणार. एक वही कर, डाव्या पानावर इंग्रजी कलम जसंच्या तसं हाताने उतरव, उजव्या पानावर आपल्या बोलीत लिही, अहिराणीत लिही वाटलं तर, बाबांना वाचून दाखवल्यावर त्यांना कळलं पाहिजे इतकं सोपं. रोज एक कलम. मराठी माध्यमाच्या मुलांना यात उलट एक फायदा असतो असं मी बघितलंय, इंग्रजी सराईत असलेला माणूस वाक्यावरून घसरत जातो, आपण शब्दाशब्दाला अडतो, आणि इथे अडलंच पाहिजे.

वाचायचं कशात? आधी तुझ्या चालू कामाचं टेंडर, पूर्ण, बीओक्यूच्या (कामाच्या बाबी आणि त्यांचं प्रमाण यांची यादी) शेवटच्या पानावरच्या तळटिपेसकट. कुठलं कागद कुणाच्या वर हे आधी शोध, म्हणजे ड्रॉइंग आणि बीओक्यूत फरक निघाला तर काय खरं धरायचं. मग कलम ३८ बघ, एखाद्या आयटमचं प्रमाण टेंडरपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त वाढलं की जादा भागाच्या दराचं काय होतं ते, रस्त्याच्या कामात मातीकाम असंच फुगतं आणि बरेच जण जुन्याच दराने बिल घेऊन मोकळे होतात. भाववाढीचं कलम लागू आहे की काढून टाकलंय ते बघ. हे झालं की केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या, म्हणजे सीपीडब्ल्यूडीच्या सर्वसाधारण अटी फुकट डाउनलोड होतात, त्यातली तीच कलमं शेजारी ठेवून वाच, तिथे मुदतवाढ कलम ५ मधे आहे, बदल-जादा काम कलम १२, वाद कलम २५. रस्ते मंत्रालयाचा ईपीसीचा (डिझाईनसकट सगळं काम कंत्राटदाराने करायचं असा) नमुना करारही फुकट आहे. मोजमापासाठी आयएस १२०० हे भारतीय मानक आणि रस्त्याचं मंत्रालयाचं स्पेसिफिकेशन, ते तर साईटवर पडलेलंच असेल. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची बांधकाम व्यवस्थापनाची लेक्चर्स फुकट आहेत, रात्री साईटच्या खोलीवर बघ.

त्यानंतर फिडिक. मेट्रो, जागतिक बँक किंवा एडीबीच्या (आशियाई विकास बँकेच्या) पैशातली कामं, आखाती देशातल्या नोकऱ्या, सगळीकडे हे नाव निघतं. १९१३ पासूनची सल्लागार अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिचं लाल पुस्तक म्हणजे मालकाने डिझाईन दिलेल्या कामाचा नमुना करार. त्याच्या १९९९ च्या आवृत्तीत कलम २०.१ आहे, घटना कळल्यापासून किंवा कळायला हवी होती तेव्हापासून २८ दिवसांत नोटीस दिली नाही तर मुदतवाढही नाही आणि पैसेही नाही. २०१७ च्या आवृत्तीत ते २०.२ मधे गेलं पण २८ दिवस तेच राहिले. आपल्या बी-१ मधे ३० आणि तिकडे २८. धुळ्यातल्या कामावर वेळेवर पत्र द्यायची सवय लागली तर दोह्यातल्या कामावर तीच सवय लागते.

मग कोर्स करायचा की नाही? करायचा, पण आत्ता नाही आणि शेत गहाण ठेवून तर नाहीच. पुण्याच्या निकमारसारख्या संस्था १९८३ पासून याच विषयात आहेत, तिथल्या शिक्षणाला किंमत नाही असं मी म्हणत नाही, पुढे क्वांटिटी सर्व्हेइंगमधून (बांधकामाचं मोजमाप आणि खर्च बघण्याचं काम) आरआयसीएस या ब्रिटनमधल्या व्यावसायिक संस्थेची मेंबरशिप घेतलेले लोक मोठ्या प्रोजेक्टवर चांगल्या जागी आहेत. पण दोन वर्षं स्वतः पत्रं लिहून, एक-दोन मुदतवाढी मिळवून आणि एखादी नामंजूर होऊन मग वर्गात बसलास तर तुझ्याकडे विचारायला प्रश्न असतील. आत्ता बसलास तर फक्त नोट्स असतील. तोपर्यंत पगारातून महिन्याला थोडं बाजूला टाक, आणि शेठने कंपनीसाठी शिकतोयस म्हणून अर्धी फी द्यावी ही मागणी तेव्हा करता येईल, कारण तोपर्यंत तू त्यांना काहीतरी मिळवून दिलेलं असेल. बाबांना माझ्याकडून सांग, सातबारा कपाटातच राहू द्या.

शेठला हो म्हणताना मात्र काही गोष्टी आधी बोलून घे. आठवड्याचे दोन दिवस तू साईटवर जाणार, नाहीतर वर्षभरात खरंच कारकून होशील. सहा महिन्यांनी पगाराचं बोलू, हे साध्या ईमेलवर का होईना लिहून घे, स्वतःच्या कराराचं आधी बघितलं तर बाहेरचं बघता येईल. न झालेलं मोजमाप बिलात घालायला सांगितलं तर मी सही करणार नाही, हे पहिल्याच दिवशी शांतपणे सांग, नंतर सांगणं जड जातं. आणि अंतिम बिलाच्या वेळी 'आमची काही मागणी उरलेली नाही' असा कागद समोर येतो, तो वाचल्याशिवाय कुणालाही सही करू देऊ नको. बिलाची रक्कम घ्यायची गरज असते, उसनवारी झालेली असते, मला माहितीये, पण हरकत असेल तर हरकत कायम ठेवून सही करतोय असं तिथेच लिहावं लागतं.

आणि हे सगळं वाचूनही तुला वाटलं की नाही, मला सकाळी सहाला साईटवर उभं राहून काँक्रीट पडताना बघण्यातच जीव आहे, तर नाही म्हण. ते काम काही कमी नाही. पण साईटवर राहिलास तरी रोजची डायरी तारीख, वेळ, हवामान, मशिनं, माणसं, अडथळा, आलेले साहेब काय बोलले, एवढं लिहायला लाग. दुसरं कुणीतरी ऑफिसात बसून तुझ्याच डायरीवरून पत्र लिहिणार आहे.

असंच पत्र मला मागे एका जेसीबीवाल्या दादाचं आणि एका मुरूम पुरवणाऱ्या ताईचं आलं होतं, त्यांनाही यात सांगून टाकते. तुमचं काम मोठ्या कंपनीच्या खाली असतं आणि शब्दावर चालतं, 'वरून पेमेंट आलं की देऊ'. एका पानाची वर्क ऑर्डर घ्याच. तासाचा की फेरीचा दर, डिझेल कुणाचं, मशीन त्यांच्यामुळे उभी राहिली तर तासाला किती, बिल दिल्यापासून किती दिवसांत पैसे, आणि वरून आले नाहीत तरी कमाल किती दिवस थांबणार. लॉगशीटवर रोज संध्याकाळी सुपरवायझरची सही, आठवड्याची एकदम नाही. सुपरवायझर बदलून जातात, आणि मग चाळीस दिवसांचे तास कुणालाच आठवत नाहीत.

तर भाऊ, या आठवड्यात टेंडरची कॉपी, कलम ६, ते पत्र, आवक नंबर. पोलांचे फोटो काढशील तेव्हा प्रत्येक फोटोत किलोमीटरचा दगड किंवा ओळखीचं काहीतरी येऊ दे आणि फोनमधे तारीख-लोकेशन चालू ठेव, नुसत्या पोलाचा फोटो चोपड्यातलाही असू शकतो आणि शिरपूरमधलाही. उपअभियंते पाहणीला आले की त्यांची सही घेऊन ये, आणि त्यांनी पाहणीला यायला नकार दिला तर रागवू नको, तेही तारखेसकट लिहून ठेव.